दोन तास आणि एक खोली: कॅलिफोर्नियातल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
कॅलिफोर्नियातील महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेशोत्सवात आरती झाली, प्रसादाची रांग लागली आणि मी लेकीला घेऊन गाडीकडे निघाले. ढोल सुरू झाले की तिला फार वेळ सोसत नाही. व्हॅनचा रॅम्प खाली सोडत होते, तेवढ्यात मागून एक बाई आल्या. ओळख नव्हती. आसपास कुणी ऐकत नाही ना ते पाहून त्यांनी हळूच विचारलं, "ताई, ही खुर्ची इन्शुरन्सने दिली का हो?" मग पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. जुळी मुलं, सातव्या महिन्यात झालेली. एक ठणठणीत. दुसऱ्याच्या पायांत ताठरपणा, बसता येत नाही. हॉस्पिटलच्या सोशल वर्करने कसला तरी अर्ज भरून घेतला होता. नंतर घरी 'होल चाइल्ड मॉडेल' असं मथळ्यात लिहिलेलं पत्र आलं. त्यांना वाटलं, कुठल्या तरी डे-केअरची जाहिरात. कचऱ्यात टाकलं.

असे मला भेटलेले हे नववे आई-बाप. प्रत्येक जण पार्किंग लॉटमध्येच भेटला, हॉलमध्ये एकही नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. लेकीचं नाव, आमचं गाव आणि आमच्या प्लॅनचं नाव मात्र लिहिणार नाही. भांडण एका कचेरीशी नाही, आणि लेकीने मोठेपणी हे वाचलं तर तिला अवघडल्यासारखं होऊ नये.

आधी त्या पत्राबद्दल, कारण ते कचऱ्यात टाकण्यासारखं नव्हतं.

कॅलिफोर्नियात १९२७ सालापासून गंभीर आजारी मुलांसाठी एक सरकारी कार्यक्रम आहे. आज त्याचं नाव कॅलिफोर्निया चिल्ड्रन्स सर्व्हिसेस, बोलताना सीसीएस. जन्मजात हृदयदोष, कॅन्सर, हिमोफिलिया, सिस्टिक फायब्रोसिस, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणं), मोठे अपघात, एनआयसीयूमधली म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातली बाळं, अशा मुलांचा त्या आजारापुरता खर्च आणि देखरेख वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत हा कार्यक्रम बघतो. त्याची खरी ताकद पैशात नव्हती, दर्जाच्या अटींत होती. मुलाला कोणी तपासायचं ते राज्य ठरवणार. त्या आजाराचा तज्ज्ञ आणि सीसीएसच्या यादीवर मंजूर झालेला डॉक्टरच हवा. गुंतागुंतीच्या आजारांसाठी विशेष केंद्रं ठरवलेली, जिथे डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, सोशल वर्कर एकाच दिवशी एकाच खोलीत मुलाला बघतात. आणि काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, आरोग्य खात्यात एक नर्स, जिच्याकडे तुमच्या मुलाची फाइल.

ही नर्स म्हणजे काय हे माझ्या सांगलीच्या आत्याला मी असं समजावलं: तुमच्याकडे जनआरोग्य योजनेत हॉस्पिटलच्या दारात आरोग्यमित्र बसलेला असतो ना, तसंच, फक्त ही फोनवर असते आणि पाच वर्षं तीच असते. आत्या म्हणाली, "आमचा आरोग्यमित्र जेवायला गेलेला असतो." असो. आमची नर्स जेवायला गेली तरी परत फोन करायची.

नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियाने मेडिकॅलवरची (मेडिकॅल म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा, बाकी देशात त्याला मेडिकेड म्हणतात) बहुतेक कुटुंबं 'मॅनेज्ड केअर'मध्ये नेली. म्हणजे राज्याने प्रत्येक बिल स्वतः भरायचं बंद केलं. आरोग्य योजनेला (बोलताना 'प्लॅन') माणशी महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, आणि त्या रकमेत त्या माणसाचं सगळं योजनेने बघायचं. तेव्हा, १९९४ मध्ये, विधिमंडळाने सीसीएसची मुलं बाजूला काढली. या मुलांच्या आजारावरचे उपचार या व्यवस्थेच्या बाहेर राहतील असा कायदा केला. कारण उघड होतं. सर्दी-खोकल्याचं गणित बांधून तयार केलेल्या नेटवर्कमध्ये, म्हणजे योजनेशी करार केलेल्या डॉक्टरांच्या यादीत, बालहृदयशल्यचिकित्सक किती असणार? हे 'बाजूला काढणं' मुदतीचं होतं, आणि वीस वर्षं मुदत संपत आली की वाढवली जायची.

२०१६ मध्ये ती सगळीकडे वाढली नाही. त्या सप्टेंबरात गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सिनेट बिल ५८६ वर सही केली आणि २१ काउंट्यांमधल्या सीसीएसच्या मुलांना काउंटीच्याच सार्वजनिक आरोग्य योजनांकडे सोपवायचं ठरलं. हेच ते होल चाइल्ड मॉडेल. जुलै २०१८ मध्ये सॅन माटेओ, सांता बार्बरा, सॅन लुइस ओबिस्पो, माँटेरे, सांता क्रूझ, मर्सेड. जानेवारी २०१९ मध्ये उत्तरेकडच्या १४ काउंट्या. जुलै २०१९ मध्ये ऑरेंज. आणि जानेवारी २०२५ पासून आणखी १२, ज्यात प्लेसर आहे, म्हणजे आपली रोझव्हिलची मंडळी आली. सांता क्लारा आणि लॉस एंजेलिस अजून जुन्याच पद्धतीत आहेत.

याचा अर्थ असा की सनीव्हेलचं घर सोडून कुणी फॉस्टर सिटीला राहायला गेलं, तर अंतर वीस-पंचवीस मैलांचं, पण आजारी मुलाची मंजुरी देणारी कचेरी, फोन नंबर, अपिलाची वाट, सगळं बदलतं. घर बघताना आपण शाळेचा स्कोअर बघतो. मी तरी हे कधी कुणाच्या यादीत पाहिलेलं नाही.

या बदलामागचा विचार चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, आणि इथे माझं काही मैत्रिणींशी पटत नाही. जुनी पद्धत मुलाचे तुकडे करायची. माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, आकड्या येतात, पोटात नळी घालून जेवण द्यावं लागतं. नळीचा पंप कोणाकडे, कानाचा संसर्ग कोणाकडे, आकडीचं औषध पाल्सीत मोडतं की वेगळं, यावर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत बसायची आणि मध्ये मी. एकाच योजनेने अख्खं मूल बघावं, हे म्हणणं बरोबर होतं. नावातही तेच आहे. आणि कायदा लिहिणाऱ्यांनी पालकांचं बरंच ऐकलं होतं. आधीच्या डॉक्टरकडे बारा महिन्यांपर्यंत जाता येईल. उपकरणं पुरवणारा जुना दुकानदारही तसाच ठेवता येईल. काउंटीची तीच नर्स हवी असेल, आणि ती उपलब्ध असेल, तर बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत मागणी करायची. तज्ज्ञांना सीसीएसपेक्षा कमी दर द्यायचा नाही. गावापासून लांबच्या हॉस्पिटलात जावं लागलं तर प्रवास, जेवण, मुक्कामाचा खर्च योजनेने बघायचा. शाळेच्या आवारातली थेरपी युनिटं काउंटीकडेच राहतील.

हे सगळं पत्रात होतं. माझ्याही. दुसऱ्या पानाच्या तळाशी, इंग्रजीत. पाठीमागे डझनभराहून जास्त भाषांत एकेक ओळ: तुम्हाला हे तुमच्या भाषेत हवं असेल तर या नंबरवर फोन करा. हिंदी होती, पंजाबी होती, ह्मोंग होती. मराठी नव्हती, आणि ते मला खटकलंही नाही, कारण मला इंग्रजी येतं. मी इंजिनियर आहे. मी ते पत्र वाचलं, 'तुम्हाला काहीही करण्याची गरज नाही' हे वाक्य ठळक दिसलं, आणि फाइलला लावून टाकलं. ९० दिवस कधी गेले ते कळलंच नाही.

पहिला फटका खुर्चीचा बसला.

वाढत्या मुलाची व्हीलचेअर म्हणजे एकदा घेतली आणि झालं असं नसतं. पाठीचा आधार, मांड्यांमधला ठोकळा, डोक्याच्या बाजूचे गाद्यांचे तुकडे, हे सगळं मुलाच्या हाडांच्या मापाने बसवलेलं असतं आणि वर्षा-दीड वर्षात छोटं पडतं. आमचा दुकानदार लेकीला ती दोन वर्षांची असल्यापासून ओळखत होता. बदलानंतर पहिल्यांदा मंजुरी मागितली, तेव्हा प्लॅनच्या फोनवर कळलं की तो 'नेटवर्कमध्ये नाही'. नव्या दुकानाची तारीख अडीच महिन्यांनी. तोवर जुन्याच खुर्चीत बसवायचं. पाचव्या आठवड्यात माकडहाडाच्या वर लाल चट्टा आला. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना तो लाल रंग कसला असतो ते सांगायला नको. बाकीच्यांना एवढंच सांगते की त्यानंतर तीन आठवडे तिला आम्ही पोटावर झोपवून गोष्टी सांगितल्या. जुना दुकानदार बारा महिने ठेवण्याचा हक्क मला होता. मी मागितला नाही, कारण मागायचा असतो हे मला माहीत नव्हतं, आणि फोनवर जो मुलगा बोलला त्यालाही माहीत नव्हतं. तो मुलगा वाईट नव्हता. दर वेळी वेगळा असायचा, एवढंच.

दुसरा फटका पुढच्या वर्षी. लेकीला रात्रीची नर्स मिळायची, आठवड्याला ४० तास, कारण आकडी आणि नळीचं जेवण यांचं रात्री जमत नाही. कुणीतरी जागं असावं लागतं. एक दिवस पत्र आलं: पुनर्विचारानंतर २४ तास. कारण, 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे आढळले नाही'. खाली सही एका डॉक्टरांची, ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी ते पत्र पर्समध्ये घेऊन आठवडाभर फिरले. नवऱ्याशी यावर भांडण झालं. तो म्हणाला, आपण रजा वाटून घेऊ, सरकारशी कशाला वाद. आपल्या घरांत हे वाक्य कुठून येतं ते तुम्हाला माहीत आहे.

क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये एक मेक्सिकन बाई नेहमी भेटायच्या. त्यांचा मुलगा लेकीएवढा. त्यांचं इंग्रजी माझ्या स्पॅनिशहून बरं, एवढंच. माझा चेहरा बघून त्यांनी पत्र मागितलं. मजकूर वाचलाच नाही, वरची तारीख बघितली आणि बोटांवर दिवस मोजले. "नऊ," म्हणाल्या. "आज अपील कर. आत्ता." दहा दिवसांच्या आत अपील केलं तर निकाल लागेपर्यंत आधीची सेवा जशीच्या तशी चालू ठेवावी लागते. अकराव्या दिवशी केलं तरी अपील होतं, त्याला ६० दिवस असतात, पण तोवर तास कापलेले असतात. त्यांनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

तास कापले गेले नाहीत. आमच्या न्यूरॉलॉजिस्टने प्लॅनच्या डॉक्टरांना फोन केला, एक पानाचं पत्र लिहिलं, आणि महिन्याच्या आत ४० तास कायम झाले. त्या पत्रात एक इंग्रजी शब्द होता, 'अमेलिओरेट', म्हणजे त्रास हलका करणं. तो लक्षात ठेवा. मेडिकेडमध्ये २१ वर्षांखालच्या मुलांसाठी १९६७ पासून एक विशेष तरतूद आहे, १९८९ मध्ये ती आणखी भक्कम केली गेली: आजार बरा होणार नसला तरी सेवेने त्रास कमी होत असेल, ढासळणं थांबत असेल, तर ती सेवा आवश्यक धरायची. मोठ्यांना हे लागू नाही, मुलांना आहे. प्लॅन कुठलाही असो, काउंटी कुठलीही असो. नकार देणाऱ्यांनी बहुधा मोठ्यांचा निकष लावलेला असतो, आणि अपिलात हा शब्द दिसला की पत्र दुसऱ्या टेबलावर जातं असा माझा अनुभव आहे.

तर प्लॅनला नकार का द्यावासा वाटतो? वाईट माणसं बसलीत म्हणून नाही. डोईमागे ठरलेली रक्कम आली की प्रत्येक मंजुरी हा खर्च होतो आणि प्रत्येक नकार ही बचत. माझ्या लेकीसारखं मूल म्हणजे त्या हिशेबात कायमचा तोटा. यावर अंकुश दोनच: राज्याचे नियम आणि नकाराला उलट उत्तर देणारे पालक. दुसरा अंकुश नसला की काय होतं ते इतर राज्यांनी पाहिलं आहे. टेक्ससने नोव्हेंबर २०१६ मध्ये अपंग मुलांना 'स्टार किड्स' नावाच्या मॅनेज्ड केअरमध्ये हलवलं, बव्हंशी खासगी विमा कंपन्यांकडे. २०१८ मध्ये डॅलस मॉर्निंग न्यूजने लांबलचक शोधमालिका छापली. आजारी मुलांची नर्सिंग, उपकरणं कशी नाकारली जातात ते कागदपत्रांसह. त्यानंतर विधिमंडळ हललं. फ्लोरिडात २०१५ मध्ये गंभीर आजारी मुलांच्या खास योजनेतून हजारो मुलं बाहेर काढली गेली, कारण पालकांना विचारायची प्रश्नावली बदलली होती. मूल त्याच्या वयाच्या इतर मुलांसारखं वागण्यात कुठे अडतं का, या धाटणीच्या प्रश्नाला आईने 'नाही' म्हटलं की मूल यादीतून बाद. आपल्या आया तर 'नाही, नाही, बरा आहे' असंच म्हणतात, कुणीही विचारलं तरी! पुढे न्यायाधीशांनी ती पद्धत अवैध ठरवली.

कॅलिफोर्नियात निदान एवढं बरं की होल चाइल्ड मॉडेलच्या पाच मूळ योजना काउंट्यांच्या सार्वजनिक संस्था आहेत, नफा वाटणाऱ्या कंपन्या नाहीत. त्यांच्या संचालक मंडळाच्या बैठका ब्राउन कायद्याखाली उघड्या असतात. कुणीही जाऊन बोलू शकतं. मी दोनदा बोलले आहे. पहिल्यांदा हात थरथरत होते, दुसऱ्यांदा वेळ संपल्याची घंटा वाजल्यावरही बोलत राहिले.

आणखी एक गोष्ट त्याच २०१६ च्या कायद्यात आहे, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी लिहिते आहे. प्रत्येक योजनेने आजारी मुलांच्या कुटुंबांची सल्लागार समिती नेमलीच पाहिजे. पालकांची समिती. तिथे नकार, विलंब, नवे नियम यांबद्दल पालकांना योजनेसमोर बोलता येतं. मी जेव्हा तिथे पहिल्यांदा पाहुणी म्हणून गेले तेव्हा त्या मेक्सिकन बाई टेबलाच्या त्या बाजूला बसल्या होत्या, कानात दुभाष्याचा हेडफोन, पुढ्यात नावाची पाटी. बारा महिन्यांच्या हक्काचं वाक्य पत्राच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आणा, हे त्यांनी मांडलं. ते झालं. बैठकीला येण्याजाण्याचा भत्ता म्हणून छोटासा चेकही देतात, तो हसत हसत दाखवला त्यांनी मला.

आपलं कुणीच तिथे नव्हतं. भारतीय असं कुणीच नव्हतं.

का नव्हतं ते मला ठाऊक आहे, कारण मीही चार वर्षं गेले नव्हते. एका हळदीकुंकवात, वाण देता देता, कुणीसं म्हणालं होतं, "मेडिकॅल? पण ते आपले लोक घेत नाहीत ना!" मी हसून विषय बदलला. आपल्या डोक्यात सरकारी योजना म्हणजे पिवळं रेशनकार्ड. कंपनीचा उत्तम विमा आहे, मग हात का पसरायचा? तर मंडळी, कंपनीचा उत्तम विमा वर्षाला ठरावीक वेळा फिजिओथेरपी देतो आणि मग हात वर करतो. रात्रीची नर्स देत नाही. पाच वर्षांवरच्या मुलाचे डायपर देत नाही. आमच्याकडे कंपनीचा विमा पहिला आणि मेडिकॅल दुसरा असं चालतं. आधी कंपनीचं नकारपत्र मिळवायचं आणि ते जोडून पुढे पाठवायचं. आमच्या घरातलं सगळ्यात मौल्यवान कागदपत्र म्हणजे कंपनीचं नकारपत्र.

पगार चांगला असताना मेडिकॅल कसं मिळालं, हा पार्किंग लॉटमधला दुसरा प्रश्न. मुलाला विकासात्मक अपंगत्व असेल तर आधी रीजनल सेंटरमध्ये नाव नोंदवायचं. राज्याने १९६९ च्या लँटरमन कायद्याने ही केंद्रं दिली आहेत. तिथल्या वेव्हर (नेहमीच्या अटींत सूट देणाऱ्या) योजनेत बसलं तर आई-बापांचं उत्पन्न न धरता फक्त मुलाचं धरतात. याला 'इन्स्टिट्यूशनल डीमिंग' म्हणतात. नाव भयंकर आहे, कारण मागचा विचार तसाच आहे: हे मूल संस्थेत ठेवलं असतं तर सरकारला जो खर्च आला असता, तो घरी ठेवलं म्हणून का नाकारायचा? सीसीएसची स्वतःची अट वेगळी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४०,००० डॉलरच्या आत (हा आकडा कित्येक दशकं हललेला नाही, आज इथे दोन बेडरूमचं वर्षाचं भाडंच तेवढं होतं), किंवा मुलाच्या त्या आजारावरचा खिशातला खर्च उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर जाणार असेल, किंवा मेडिकॅल असेल. आणि शाळेतल्या थेरपी युनिटला तर उत्पन्नाची अटच नाही. त्या जुळ्यांच्या आईला मी हे शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा त्या रॅम्पवर मटकन बसल्याच.

तिसरा प्रश्न ग्रीन कार्डाचा. व्हॉट्सॲपवर याबद्दल जे फिरतं त्यातलं निम्मं जुनं आणि निम्मं खोटं असतं. २०१९ साली जो कडक नियम आला होता, ज्याची भीती अजून गेलेली नाही, त्यातही २१ वर्षांखालच्या मुलांचं मेडिकेड धरलेलं नव्हतं. कॅलिफोर्निया तर मे २०१६ पासून १९ वर्षांखालच्या मुलांना व्हिसा कुठला, आहे की नाही, हे न बघता मेडिकॅल देतं. नियम मात्र सरकारागणिक हलतात, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाला तासाची फी देऊन विचारा. मुलाची थेरपी भीतीपोटी दोन वर्षं लांबवू नका. मी एक घर असं पाहिलं आहे. त्या मुलाच्या नितंबाचं हाड नंतर शस्त्रक्रियेने बसवावं लागलं.

पुढचे दिवस सोपे नाहीत. जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनने मेडिकेडच्या पैशाला मोठी कात्री लावणारा कायदा केला. डोईमागची रक्कम आखडली की सर्वांत आधी कुठे हात घातला जाईल ते सांगायला ज्योतिषी नको. आणि व्यवस्था बदलताना मुलं कशी फटीत पडतात, हे एकदा औषधांच्या बाबतीतही झालं आहे: जानेवारी २०२२ मध्ये राज्याने मेडिकॅलची औषधं सगळ्या प्लॅनांकडून काढून एका केंद्रीय व्यवस्थेकडे नेली, तेव्हा पहिले काही आठवडे मंजुऱ्या तुंबल्या आणि फार्मसीच्या काउंटरवर लोक हात हलवत परत गेले. तो बदल उलट्या दिशेचा होता, प्लॅनकडून सरकारकडे. म्हणजे कुठून कुठे नेलं यापेक्षा, नेताना घरी काय कळवलं आणि फोन कुणी उचलला, यावर जास्त अवलंबून असतं. आमच्या नव्या केस मॅनेजरबाई, त्याच प्लॅनच्या, उत्तम आहेत. त्या आल्यापासून मी अपील केलेलं नाही. तीन वर्षांनी मिळाल्या, ही तक्रार.

आता तुमच्याकडे काय मागते आहे ते.

वर्षात एकदा दोन तास आणि एक खोली. संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या दिवशीच चालेल, नाटकाच्या आधीची वेळ चालेल. मुलांसाठी चित्रं रंगवायला एखादं टेबल, आणि आत आम्ही काही पालक, जमलं तर हक्कांवर काम करणाऱ्या मोफत संस्थेतलं कुणी. डिसॅबिलिटी राइट्स कॅलिफोर्निया आणि फॅमिली व्हॉइसेस ऑफ कॅलिफोर्निया बोलावल्यावर येतात का ते विचारायची जबाबदारी माझी. कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव 'विशेष मुलांसाठी मार्गदर्शन' असलं काही देऊ नका. त्या पाटीखाली कुणी येताना दिसणार नाही. 'मेडिकल बिलं आणि विमा: प्रश्नोत्तरं' म्हणा. सगळेच येतील, आणि ज्यांना यायचं आहे त्यांना गर्दीत बसता येईल.

ज्या २१ आणि आता १२ काउंट्यांत होल चाइल्ड मॉडेल आहे तिथल्या मंडळांनी एक पालक शोधावा, जो सल्लागार समितीसाठी अर्ज करील. एकच. त्याला किंवा तिला त्या संध्याकाळी मूल सांभाळायला कुणीतरी लागेल. ढोल पथकाच्या सरावाला आपण एकमेकांची पोरं सांभाळतोच. आणि ते दोन पानी पत्र, दहा दिवस, ९० दिवस, बारा महिने, हे मराठीत कुणीतरी नीट लिहून मंडळाच्या मेलमध्ये घालावं. मी कच्चा खर्डा केला आहे. 'प्रायर ऑथरायझेशन'ला मी 'आगाऊ मंजुरी' म्हटलं आहे, 'कंटिन्युइटी ऑफ केअर'ला मात्र काही केल्या चांगला शब्द सापडेना. 'तोच डॉक्टर चालू ठेवणे' असं लिहून ठेवलं आहे. आजीलाही कळतं, आणि बऱ्याच घरांत फोन आजीच उचलते.

कार्यक्रम कुठल्याही गावात असला तरी मी गाडी काढून येईन. लेकही बरोबर असेल, त्या रात्री नर्स मिळेलच असं नाही. गेल्या वर्षीच्या हॉलला मुख्य दाराशी तीन पायऱ्या होत्या आणि आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत आलो होतो, तेव्हा या वेळी जागा ठरवाल तेव्हा तेवढं बघून कळवा.

आपली नम्र,
एक आजीव सभासद